डॉक्टरांची ऑनलाइन पाठशाळा आणि तिची पारख

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला वस्त्रव्यवसायावर बोलण्याची सूचना केली होती. चाळीस वर्षे कापडाच्या पेढीवर बसलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी कोणती करावयाची? परंतु मी विषय बदलून मागितला आणि त्यांनी मोठ्या मनाने तो मान्य केला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, वैद्यकशास्त्राचा माझा अभ्यास नाही. म्हणून रोग आणि औषधे यांविषयी मी जे बोलेन ते ऐकीव आणि वाचीव समजावे. मालाची पारख कशी होते, हिशेब कसा तपासला जातो, याविषयी मात्र मी थोडे अधिकाराने बोलू शकतो, आणि आजचा विषय अखेर त्याच अंगाचा आहे.

सभागृहातील ज्येष्ठ मंडळींना आमचे थोरले बंधू आठवत असतील. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. सन २००१ मध्ये महामार्गावर त्यांच्या मोटारसायकलला अपघात झाला आणि डोक्याला जबर मार लागला. त्या काळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका नव्हती. महाराष्ट्रात ती सेवा सुरू झाली २०१४ साली. एका मालवाहू टेम्पोत घालून लोकांनी त्यांना रुग्णालयात पोहोचविले. तेथील डॉक्टरांनी रात्रभर धडपड केली. मेंदूची सूज उतरावी म्हणून महागडी इंजेक्शने आणावयास सांगितली, ती मी स्वतः धावत जाऊन आणली. पाचव्या दिवशी अण्णा गेले. त्या डॉक्टरांबद्दल माझ्या मनात तेव्हाही कृतज्ञता होती, आजही आहे. व्यापाऱ्याची खोड म्हणून औषधांची सर्व बिले मी एका फाईलला लावून ठेवली.

माझी धाकटी कन्या पुढे डॉक्टर झाली आणि इंग्लंडमधील एका जिल्हा रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात, ज्याला आपण आजही कॅज्युअल्टी म्हणतो तेथे, काम करू लागली. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता तीन महिने तिच्याकडे राहिलो. एके दिवशी ती स्वयंपाकघरातील टेबलावर संगणक उघडून बसली होती. आपत्कालीन डॉक्टरांसाठी चालविल्या जाणाऱ्या एका शैक्षणिक संकेतस्थळाची ती एक संपादक आहे. त्या दिवशी तिच्यासमोर डोक्याच्या दुखापतीचा पाठ होता. मी सहज विचारले, "अण्णांना दिले होते ते स्टेरॉइडचे इंजेक्शन यात आहे का गं?" आणि बिलावरचे नाव सांगितले. मिथाईलप्रेडनिसोलोन हे नाव मला बावीस वर्षांनंतरही पाठ होते.

ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अप्पा, यात ते आहे, पण देऊ नका म्हणून आहे."

नंतर तिने जे सांगितले ते मी आपणांस सांगतो. डोक्याच्या दुखापतीत स्टेरॉइड देण्याची पद्धत जगभर तीस वर्षांहून अधिक काळ चालू होती. सूज उतरते, म्हणून मेंदूचीही उतरेल, असा तो सरळ तर्क होता. तो तपासून पाहावा म्हणून ४९ देशांतील रुग्णालयांनी मिळून क्रॅश नावाची एक मोठी चाचणी केली. त्यात १०,००८ रुग्णांचा समावेश झाला. अर्ध्यांना स्टेरॉइड दिले, अर्ध्यांना औषध नसलेले तसेच दिसणारे इंजेक्शन. ऑक्टोबर २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन आठवड्यांत स्टेरॉइड मिळालेल्या गटातील शंभरांमागे २१ रुग्ण दगावले होते, न मिळालेल्या गटात १८. म्हणजे वाचविण्यासाठी दिलेले औषध दर शंभरांत तीन जास्तीचे जीव घेत होते, आणि हे तीस वर्षे कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. येणार तरी कसे? डोक्याला एवढा मार लागलेला रुग्ण गेला, तर औषधावर संशय कोण घेईल?

"२००१ साली त्या डॉक्टरांनी पुस्तकात होते तेच केले," ती म्हणाली. "चूक त्यांची नव्हती. पण २००५ नंतर कोणी ते दिले असेल, तर मात्र ते त्याला कळवायला हवे होते."

बंधू-भगिनींनो, हे 'कळविणे' कसे चालते हाच माझा आजचा विषय आहे.

ब्रिटनमध्ये आपत्कालीन वैद्यकाच्या डॉक्टरांची संघटना १९६७ साली कॅज्युअल्टी सर्जन्स असोसिएशन या नावाने स्थापन झाली. पुढे २००६ मध्ये तिचे कॉलेज ऑफ इमर्जन्सी मेडिसिन झाले आणि २०१५ मध्ये नावाआधी 'रॉयल' हा शब्द लागला. आपल्याकडे या शाखेला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली २००९ मध्ये. या रॉयल कॉलेजचे स्वतःचे एक शिक्षण-संकेतस्थळ आहे. पूर्वी ते एन्लायटनमी या नावाने चाले, आता त्याचे नाव आरसीईएम लर्निंग असे आहे. त्यावर विषयवार पाठ आहेत, रुग्णांच्या हकिकतींवरून शिकविणारी प्रकरणे आहेत, प्रश्नसंच आहेत, आणि प्रवासात ऐकता येतील अशी ध्वनिमुद्रित संभाषणेही आहेत. त्याशिवाय ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी २००७ मध्ये सुरू केलेले लाइफ इन द फास्ट लेन, मँचेस्टरच्या डॉक्टरांचे सेंट एम्लिन्स, अमेरिकेतील एलिएम, अशी किती तरी संकेतस्थळे डॉक्टरांनीच डॉक्टरांसाठी चालविलेली आहेत. ही सारी विद्या मुक्त आणि मोफत असावी या चळवळीला फोम हे नाव २०१२ साली डब्लिन येथील परिषदेच्या वेळी मिळाले. नाव एका मद्यालयात बिअरचा फेस पाहून सुचले असे म्हणतात. आपल्या सभेत हे सांगताना जीभ अडखळते, पण इतिहास आहे तसा सांगावा.

या शाखेलाच ऑनलाइन पाठशाळेची एवढी गरज का? त्याचे कारण त्यांच्या कामात आहे. हृदयरोगतज्ज्ञाकडे हृदयाचा रुग्ण येतो. आपत्कालीन विभागाच्या दारातून कोण येईल याचा नेम नसतो. सर्पदंश, बाळंतपण, विषबाधा, मोडलेले हाड, तापाने फणफणलेले दोन महिन्यांचे मूल, हे सर्व एकाच रात्रीत. त्यातून यांची पाळी सकाळची, दुपारची, रात्रीची फिरत असते. बुधवारी दुपारी दोन वाजता वर्ग ठेवला, तर निम्मे डॉक्टर झोपलेले आणि उरलेले रुग्णाजवळ! म्हणून वीस-तीस मिनिटांत पुरा होणारा, मोबाईलवर पहाटे चार वाजताही उघडणारा पाठ त्यांना लागतो. शिवाय डिसेंबर २०१२ पासून ब्रिटनमध्ये प्रत्येक डॉक्टरला दर पाच वर्षांनी आपण अद्ययावत असल्याचे दाखवून परवाना पुढे चालू ठेवावा लागतो. त्यासाठी वर्षाला सुमारे पन्नास गुणांचे शिक्षण अपेक्षित असते, आणि एक तासाचा अभ्यास म्हणजे ढोबळमानाने एक गुण. पाठ पुरा केला की त्याचे प्रमाणपत्र मिळते.

इथपर्यंत ऐकून मला वाटले होते की हे तर छापखान्यासारखेच काम. एकदा चांगले पाठ लिहून घेतले, संकेतस्थळावर चढविले, की झाले. माझी ही समजूत साफ चुकीची ठरली. कापडाचा तागा एकदा तपासून गठ्ठ्यात बांधला, तर दहा वर्षांनीही तो तोच तागा असतो. फार तर कसर लागेल. वैद्यकाचा पाठ मात्र कपाटात ठेवल्या ठेवल्या खोटा होत जातो. त्यातले एकही अक्षर बदललेले नसते, बाहेरचे जग बदललेले असते.

याचे मला सर्वांत पटलेले उदाहरण म्हणजे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे औषध. जपानमधील उताको ओकामोतो नावाच्या विदुषीने आपल्या पतीसह ते शोधले आणि १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. रक्ताची गुठळी विरघळू न देणे हा त्याचा गुण. औषध स्वस्त. पुढे पन्नासएक वर्षांनी लंडनच्या ज्या संशोधकांनी स्टेरॉइडची चाचणी केली होती, त्यांनीच हे औषध हाती घेतले. २०१० मध्ये क्रॅश-२ चे निष्कर्ष आले. अपघातात रक्तस्राव होणाऱ्या ४० देशांतील २०,२११ रुग्णांवर ती चाचणी झाली होती. त्यांत भारतीय रुग्णही होते. औषधाने मृत्यू कमी झाले. झाले, प्रत्येक शैक्षणिक संकेतस्थळावर हे लिहिले गेले. पण पुढच्याच वर्षी त्याच आकड्यांची बारकाईने फोड केली तेव्हा दिसले की पहिल्या तीन तासांत दिले तरच उपयोग, त्यानंतर दिले तर उलट रक्तस्रावाने होणारे मृत्यू वाढतात. आता विचार करा. 'रक्तस्रावात हे औषध द्यावे' हे वाक्य २०१० मध्ये बरोबर होते. २०११ मध्ये तेच वाक्य, वेळेचा उल्लेख नसेल तर, घातक झाले. तीन शब्दांची भर घालावयाची होती, पण ती कोणीतरी आठवणीने घालावी लागते.

गोष्ट येथे संपत नाही. २०१७ मध्ये बाळंतपणातील रक्तस्रावावर वीस हजारांहून अधिक स्त्रियांची चाचणी झाली, तेथेही लवकर दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी झाले. २०१९ मध्ये डोक्याच्या दुखापतीवर चाचणी झाली, तेथे सौम्य आणि मध्यम दुखापतीत लाभाची चिन्हे दिसली. साहजिकच अनेकांना वाटू लागले की पोटातल्या रक्तस्रावालाही हे चालेल. रक्ताची उलटी झालेल्या रुग्णाला ते दिलेही जात होते. २०२० च्या जूनमध्ये १२,००९ रुग्णांची हॉल्ट-आयटी चाचणी प्रसिद्ध झाली. पोटातील रक्तस्रावात काही उपयोग नाही, उलट शिरांत गुठळ्या होण्याचे आणि झटके येण्याचे प्रमाण वाढते, असे तिने दाखविले. म्हणजे एकच औषध, परंतु अपघाताच्या पाठात 'द्या', बाळंतपणाच्या पाठात 'द्या', रक्ताच्या उलटीच्या पाठात 'देऊ नका', आणि डोक्याच्या पाठात 'अमुक रुग्णाला, अमुक वेळेत'. मी तिच्या टेबलाशी बसलो होतो त्या वेळचा प्रसंग असा की, मे २०२३ मध्ये ब्रिटनच्या नाइस या मार्गदर्शक संस्थेने डोक्याच्या दुखापतीची नियमावली सुधारून प्रसिद्ध केली होती. प्रौढ रुग्णाची शुद्ध बरीच हरपलेली असेल आणि शरीरात अन्यत्र रक्तस्राव होत असल्याचा संशय नसेल, तर दुखापतीनंतर दोन तासांच्या आत दोन ग्रॅम ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड देण्याचा विचार करावा, असे त्यात नव्याने आले होते. अपघाताच्या सर्वसाधारण पाठात मात्र दहा मिनिटांत एक ग्रॅम आणि नंतर आठ तासांत आणखी एक ग्रॅम अशी मात्रा आहे. एकाच संकेतस्थळाच्या दोन पानांवर दोन मात्रा, आणि दोन्ही बरोबर! वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ नये म्हणून दोन्ही पानांवर एकमेकांचा उल्लेख करावयाचा, हे काम ती करीत होती. त्यासाठी तिने त्या औषधाचे नाव जेथे जेथे येते अशा सर्व पाठांची यादी काढली होती. आमच्या धंद्यात एखाद्या गिरणीच्या मालात रंग उतरण्याचा दोष निघाला, तर त्या गिरणीचा माल ज्या ज्या गिऱ्हाइकाला गेला त्याची यादी काढतात, तसेच हे.

पाठ तयार कसा होतो तेही सांगतो. प्रथम अभ्यासक्रमाची मोठी यादी समोर ठेवतात आणि कोणत्या कलमावर पाठ आहे, कोणत्यावर नाही, हे जुळवितात. हा तर सरळ मालसाठ्याचा ताळेबंद. हौसेने लिहिणारे लेखक नेहमी रंजक विषय निवडतात. हृदय बंद पडण्यावर दहा पाठ येतात आणि कानात गेलेल्या किड्यावर एकही नाही. कानात किडा गेलेला रुग्ण मात्र रोज येतो. त्यानंतर त्या विषयात काम करणारा डॉक्टर पाठ लिहितो, लेखनाशी संबंध नसलेला दुसरा जाणकार तो तपासतो, मग संपादक भाषा, आकडे आणि आधार पाहतो. पाठाखाली लेखकाचे नाव, प्रसिद्धीची तारीख आणि पुन्हा तपासण्याची तारीख असते. कोणत्या औषध कंपनीकडून लेखकाला मानधन मिळते का, हेही त्याने जाहीर करावयाचे असते.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हिशेबतपासणीच्या पुस्तकात किंग्स्टन कॉटन मिलचा १८९६ सालचा खटला हमखास असे. हिशेबतपासनीस हा राखण करणारा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, असा त्या निकालाचा आशय. एका कापडगिरणीचाच तो खटला, म्हणून माझ्या विशेष लक्षात राहिला. त्या गिरणीच्या व्यवस्थापकाने साठ्याचे आकडे फुगविले होते आणि तपासनिसांनी त्याच्या दाखल्यावर विश्वास ठेवला होता. न्यायालयाने तपासनिसांना दोषी धरले नाही. कन्येला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आमच्याकडे हे चालणार नाही अप्पा. लेखकाने आधार म्हणून दिलेला मूळ निबंध आम्ही स्वतः उघडून वाचतो. पुष्कळदा निबंधात तसे लिहिलेलेच नसते." लेखक लबाड असतो असे नव्हे. त्याने ते दुसऱ्याच्या लेखातून घेतलेले असते, दुसऱ्याने तिसऱ्याच्या.

आकड्यांविषयी तर ती मंडळी आपल्या दिवाणजींपेक्षा कडक आहेत. ॲड्रेनलिन हे औषध पाहा. तीव्र ॲलर्जीने घसा बंद होऊ लागला तर प्रौढाला मांडीच्या स्नायूत अर्धा मिलिग्रॅम देतात. हृदय बंद पडले असेल तर तेच औषध शिरेतून एक मिलिग्रॅम देतात. दोन्हींसाठी मिळणाऱ्या द्रावणांची तीव्रता एकमेकांच्या दहापट असते, एक हजारात एक आणि दहा हजारात एक. एक शून्य इकडचे तिकडे झाले, किंवा 'स्नायूत' च्या जागी 'शिरेत' पडले, तर काय होईल हे मला वैद्यक न शिकताही कळते. आमच्या बिलात शून्य चुकले तर गिऱ्हाईक भांडावयास येते आणि रक्कम परत करता येते. म्हणून मात्रेचा प्रत्येक आकडा दोघांनी स्वतंत्रपणे मूळ ग्रंथाशी ताडून पाहावयाचा, मायक्रोग्रॅम हा शब्द आखूड न करता पूर्ण लिहावयाचा, आणि पूर्णांकापुढे दशांश देऊन शून्य लिहावयाचे नाही, कारण घाईत एकाचे दहा वाचले जातात, असे त्यांचे दंडक आहेत.

गुणवत्ता मोजण्याच्या एका पद्धतीने मला विशेष आनंद झाला. निर्यातीच्या कापडाची तपासणी आम्ही चार गुणांच्या पद्धतीने करतो. तीन इंचांपर्यंतच्या दोषाला एक गुण, सहापर्यंत दोन, नऊपर्यंत तीन, त्याहून मोठ्याला चार, आणि शंभर चौरस यार्डांत चाळीसपेक्षा जास्त गुण झाले की तागा सामान्यतः नापास. एलिएमच्या मंडळींनी इतरांच्या लेखांसाठी असेच एक मोजमाप केले आहे, फक्त तेथे गुण दोषाला नसून गुणाला आहेत. अचूकता, उपयुक्तता, पुराव्याचा आधार, संदर्भ अशा पाच कसोट्या, प्रत्येकीला जास्तीत जास्त सात गुण, एकूण पस्तीस. अनेक परीक्षक स्वतंत्रपणे गुण देतात, आणि सरासरी तीस किंवा वर असेल तर लेख शिकविण्यास मान्य. कापडात दोष दिसतो, बोटाला लागतो. लेखातला दोष मात्र दोन तज्ज्ञांना दोन प्रकारे दिसतो, हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे. एका परीक्षकाच्या मतावर त्यांचा विश्वास नाही तो यासाठीच.

प्रश्नसंचांची तपासणी हा स्वतंत्र विषय आहे, आणि माझ्या मते यात फार मोठे शहाणपण आहे. एक प्रश्न, पाच उत्तरे, त्यांतले सर्वांत योग्य निवडावयाचे. चांगल्या प्रश्नाची एक साधी कसोटी अशी की, पाचही उत्तरे हाताने झाकली तरी जाणकाराला उत्तर सुचले पाहिजे. पण खरी मौज पुढे आहे. हजारो डॉक्टरांनी प्रश्न सोडविले की संगणक हिशेब मांडतो. एखाद्या प्रश्नाला एकूण परीक्षेत चांगले गुण मिळविणारे चुकतात आणि कच्चे मात्र बरोबर येतात असे दिसले, तर सरळ समजावयाचे की प्रश्नच सदोष आहे. बहुधा उत्तरपत्रिकेतले 'बरोबर' उत्तरच चुकीचे आहे किंवा कालबाह्य झाले आहे. म्हणजे शिकणाऱ्यांनीच नकळत शिकविणाऱ्याची परीक्षा घेतली! आमच्या शाळेतल्या गुरुजींना हे पटले असते की नाही, शंका आहे.

करोनाच्या साथीत या पाठशाळांची खरी कसोटी लागली. २०२० च्या वसंतात दर आठवड्याला नवे औषध गाजत होते. १६ जून २०२० रोजी इंग्लंडच्या रिकव्हरी चाचणीने जाहीर केले की डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध दररोज सहा मिलिग्रॅम दिल्यास कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी होतात. ज्यांना प्राणवायूची गरज नाही त्यांना मात्र लाभ नाही. हे औषधही स्टेरॉइडच. ज्या कुळातील औषधाने डोक्याच्या दुखापतीत जीव घेतले, त्याच कुळातील औषधाने येथे वाचविले. तर्काने हे कोणाला सांगता आले असते? अशा वेळी तीन वर्षांनी तपासणी हा नियम निरुपयोगी ठरतो. काही पानांवर दिवसाची तारीख टाकावी लागली. घाई आणि तपासणी यांचे भांडण तेव्हाही मिटले नाही, आजही मिटलेले नाही; उशीर केला तर डॉक्टर दुसरीकडे जाऊन न तपासलेले वाचतो, घाई केली तर आपणच न तपासलेले देतो. माझे स्वतःचे मत उशिराच्या बाजूचे आहे, कन्येचे तसे नाही. आमचा तो वाद अजून चालू आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस आणखी एक विलक्षण अडचण आली, जिच्यात वैद्यकाचा काहीच संबंध नव्हता. जुने पुष्कळ पाठ ॲडोबी कंपनीच्या फ्लॅश या तंत्रावर बनविलेले होते. ३१ डिसेंबर २०२० रोजी कंपनीने त्या तंत्राचा आधार काढून घेतला. जगभर असे पाठ, मजकूर शाबूत असताना, उघडेनासे झाले आणि नव्याने बांधावे लागले. दुकानात माल आहे, पण शटर उघडत नाही, अशी स्थिती. यासाठी पैसा लागतो, आणि पैसा हा अशा कार्याचा नेहमीचाच दुबळा दुवा. लेखक बहुतेक स्वयंसेवक असतात, रात्रपाळीनंतर लिहितात. परंतु संगणक सांभाळणारा मनुष्य विनावेतन मिळत नाही. औषध कंपन्या पैसा देण्यास आनंदाने तयार असतात, आणि नेमका तोच घेता येत नाही.

इतके सर्व करून रुग्णाला लाभ होतो का? हा व्यापाऱ्याचा प्रश्न मी विचारला. उत्तर मला फारसे समाधानकारक मिळाले नाही आणि ते प्रामाणिक होते. किर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ मध्ये प्रशिक्षणाची फलश्रुती मोजण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या. शिकणाऱ्याला आवडले का, त्याला समजले का, त्याची वागणूक बदलली का, आणि अखेर कामाच्या फळात फरक पडला का. पहिल्या दोन मोजणे सोपे, म्हणून सारे तेच मोजतात. २००८ मध्ये इंटरनेटवरील वैद्यकीय शिक्षणाच्या २०१ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. काहीच न शिकविण्यापेक्षा हे शिक्षण पुष्कळच चांगले, परंतु नेहमीच्या वर्गाच्या तुलनेत साधारण सारखेच, असा त्याचा कौल होता. म्हणजे येथे जादू काही नाही. वर्गात येऊ न शकणाऱ्या डॉक्टरपर्यंत वर्ग पोहोचतो एवढेच, आणि मला ते थोडे वाटत नाही. कळवावयाची गोष्ट कळविण्यास याहून जलद मार्ग माझ्या पाहण्यात नाही.

वाचणाऱ्या डॉक्टरला चूक दिसली तर कळविण्यासाठी प्रत्येक पानाखाली सोय असते. मी तेथे असताना अशा तीन सूचना आल्या. दोन निराधार होत्या. तरीही दोघांना सविस्तर उत्तर गेले. तिसरी खरी होती. लहान मुलांच्या एका तक्त्यात वजनाच्या दोन ओळींची अदलाबदल झाली होती आणि तीन जणांच्या नजरेतून ती सुटली होती. तासाभरात पान खाली उतरविले गेले, दुसऱ्या दिवशी दुरुस्त होऊन वर आले, आणि काय चुकले होते ते तारखेसह पानावरच लिहिले गेले. मी विचारले, गुपचूप दुरुस्त करून का टाकले नाही? अब्रू राहिली असती. ती म्हणाली, "ज्यांनी जुने पान वाचून डोक्यात ठेवले आहे, त्यांना कोण सांगणार, अप्पा?"

डोक्याच्या दुखापतीचा तो पाठ पुरा होण्यास तिला आणखी पाच दिवस लागले. स्टेरॉइडविषयीचे वाक्य फार जुने झाले, आता कोणी ते देत नाही, तेव्हा काढून टाकावे, असे दुसऱ्या संपादकाचे म्हणणे होते. तिने ते ठेविले. २००४ चा संदर्भही ठेविला. मग पुढील तपासणीची तारीख घालून तिने संगणक मिटला आणि रात्रपाळीला निघून गेली. इकडे परत आल्यावर मी ती बिलांची फाईल कपाटातून काढली, एकवार चाळली आणि जागेवर ठेवली.